सिलीची साडेसाती

मराठी घरात गणित न येणारं मूल जन्मालाच येत नाही. येत सगळं असतं, फक्त पेपरात 'सिली मिस्टेक' होतात. चिरंजीव १००पैकी ५६ मार्क घेऊन घरी आले की उरलेल्या ४४चा हिशेब आई फोनवरून मावशीला देते. "अगं, येत होतं गं सगळं त्याला. सिली मिस्टेक झाल्या नुसत्या." उणे चिन्ह खालच्या ओळीत उतरवायचं राहिलं, सिली मिस्टेक. सात आठे चोपन्न लिहिलं, सिली मिस्टेक. शेवटचा प्रश्न पानामागे होता आणि पान उलटलंच नाही, ही तर फारच सिली. पोटच्या पोराला मूर्ख म्हणायला जीभ रेटत नाही, आणि नुसती 'चूक' म्हटलं तर ती त्याची चूक होऊन बसते. सिली मिस्टेक कुणीच करत नाही. ती सर्दीसारखी होते.

हा जो शब्द आपण पोरांच्या पांघरुणासाठी वापरतो, त्याला एकेकाळी लोक हात जोडत. हजारएक वर्षांपूर्वी इंग्लंडात जी इंग्रजी बोलत, आणि जी आजच्या इंग्रजालाही शिकवणी लावल्याशिवाय कळत नाही, त्या इंग्रजीत याचं नाव होतं 'सॅलिग'. मुळात शब्द 'सॅल'. त्याचे अर्थ दोन: एक सुख किंवा भाग्य, आणि दुसरा वेळ, योग्य घटका. म्हणजे घटका भरून आलेली आणि ग्रह उच्चीचे, असं ज्याचं सगळं जुळून आलंय तो सॅलिग. पुढे चर्चनं त्याला हाताशी धरलं आणि तो देवाची कृपा झालेल्यांना, संतांना, स्वर्गस्थ आत्म्यांना लागू लागला. त्या काळी एखाद्याला सिली म्हणणं म्हणजे त्याच्या कपाळी गंध लावण्यासारखंच होतं.

या वैभवाच्या काळातलं एक भांडं अजून शब्दकोशाच्या माळ्यावर सापडतं. काही मुलं जन्मताना डोक्यावर एक पातळ पडदा घेऊन येतात. गर्भाच्या आवरणाचाच तो तुकडा. युरोपात हे भाग्याचं लक्षण मानत, आणि इंग्लंड-स्कॉटलंडात त्या पडद्याला म्हणत 'सिली हाऊ', म्हणजे भाग्यवंताची टोपी. सतराव्या शतकातले डॉक्टर सर थॉमस ब्राऊन यांनी लोकांच्या खुळ्या समजुतींवर १६४६ साली एक जाडजूड ग्रंथ काढला, त्यात ही टोपी याच नावानं हजर आहे. ज्याच्याकडे ती आहे तो पाण्यात बुडत नाही, असा पक्का समज असल्यानं खलाशी ती विकत घेत.

डिकन्सच्या कादंबरीतला डेव्हिड कॉपरफील्ड असाच पडदा घेऊन जन्मला. घरच्यांनी लगेच वर्तमानपत्रात जाहिरात दिली, किंमत १५ गिनी. गिऱ्हाईक एकच आलं, तेही वकील. त्यानं दोन पौंड रोख आणि बाकीची शेरी देऊ केली, म्हणजे बुडण्यापासून संरक्षण हवं पण खिसा बुडता कामा नये. सौदा फिसकटला. दहा वर्षांनी त्याच पडद्याची सोडत काढली, माणशी अर्धा क्राऊन, आणि तो लागला एका म्हातारीला. तिनं हातातल्या टोपलीतून ठरलेले पाच शिलिंग मोजून दिले ते सगळे अर्ध्या अर्ध्या पेनीच्या चिल्लरीत, आणि तेही अडीच पेनी कमीच. पुढे ती बाई वयाच्या ९२व्या वर्षी अंथरुणात सुखानं गेली, बुडाली मात्र नाही. तिचा अभिमानाचा मुद्दा एकच होता: जन्मात पुलाखेरीज पाण्यावर म्हणून गेले नाही. टोपीचा गुण आला असं म्हणायला कोण अडवतो?

तर अशा या टोपीवाल्या शब्दाची पुढे साडेसाती सुरू झाली. आपली साडेसात वर्षांत आटोपते, याची साडेसातशे धरायला हरकत नाही. गंमत म्हणजे कुणी त्याचं वाईट चिंतलं नव्हतं. ज्यानं त्यानं त्याला मायेनंच एकेक पायरी खाली घेतलं. देवाची कृपा झालेला माणूस पापभीरू असणार, म्हणून 'सेली', म्हणजे सॅलिगचंच तेव्हाचं रूप, याचा अर्थ निष्पाप. निष्पाप माणसाला जग फसवतं, म्हणून सेली म्हणजे बिचारा. बिचारा म्हटला की दुबळा आलाच. शरीरानं दुबळा म्हणता म्हणता डोक्यानं दुबळा व्हायला काय लागतं? सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात शब्द तळाला टेकला: सिली म्हणजे मूर्ख. या जिन्यावर कुठेही धक्काबुक्की नाही. प्रत्येक वळणावर एक दयाळू मनुष्य उभा आहे आणि तो "अरेरे" म्हणतोय.

या अरेरेचं सामर्थ्य ज्यांना कळलं नसेल त्यांनी लग्न जमवणाऱ्या काकूंचं बोलणं ऐकावं. "मुलगा अगदी साधा आहे हो!" हे वाक्य कानावर पडताच मुलीचे वडील मुलाच्या पगाराची चौकशी थांबवून नोकरी आहे का याची सुरू करतात. 'भोळा आहे' म्हटलं की भावांनी जमीन लाटली हे ओळखून घ्यायचं. आणि 'देवमाणूस' हा तर सरळ सरळ धोक्याचा कंदील. सोसायटीच्या सभेत एखाद्याला तिघांनी एकापाठोपाठ देवमाणूस म्हटलं की पुढच्या पाच मिनिटांत तो बिनविरोध सेक्रेटरी झालेला असतो, आणि गळती, पार्किंग आणि कुत्र्यांचा प्रश्न त्याच्या मांडीवर असतो.

जिन्याच्या मधल्या पायरीवर या शब्दाला रंगेहाथ पकडून ठेवलंय ते कवी चॉसरनं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं 'कँटरबरी टेल्स' लिहिल्या. त्यात एक दारू प्यायलेला गिरणीवाला एका सुताराची गोष्ट सांगतो. ऑक्सफर्डचा जॉन सुतार. पैसेवाला, वयस्क, आणि बायको १८ वर्षांची, अ‍ॅलिसन. एवढ्यावरच जाणत्या वाचकाला पुढचं दिसू लागतं, पण सुताराला दिसत नाही. तो घरात पोटभाडेकरूही ठेवतो, आणि तोही विद्यार्थी, निकोलस नावाचा. निकोलसला ज्योतिषाचा नाद. तो दोन दिवस खोलीचं दार लावून बसतो, सुतार दार मोडून आत जातो, तेव्हा हा पठ्ठ्या गंभीर चेहऱ्यानं सांगतो की येत्या सोमवारी रात्री नोहाच्या काळापेक्षा दुप्पट मोठा महापूर येतोय. उपाय? पीठ मळायच्या तीन मोठ्या लाकडी काथवटी आणायच्या, छताला टांगायच्या, एकेकानं एकेकीत बसायचं, पाणी चढलं की कुऱ्हाडीनं दोर तोडायचा आणि तरंगत बाहेर पडायचं. नवरा-बायकोच्या काथवटी मात्र लांब लांब टांगायच्या, कारण अशा प्रसंगी मनात पाप येता कामा नये, असं निकोलसनंच बजावलेलं.

सुतार काय करतो? त्याला पहिली काळजी स्वतःची नाही, अ‍ॅलिसनची. ती बुडेल या कल्पनेनं तो रडतो. मग स्वतःच्या हातांनी शिड्या बनवतो, काथवटी टांगतो, त्यात भाकरी, चीज आणि बियर भरून ठेवतो. दिवसभराच्या राबणुकीनं थकून आपल्या काथवटीत बसल्या बसल्या घोरायला लागतो. इतर दोघं शिडीवरून खाली उतरतात. पुढचा प्रकार घरी मोठ्यानं वाचण्यासारखा नाही. त्यात एक तिसरा इसम, एक खिडकी आणि लोहाराकडून आणलेलं नांगराचं एक तापलेलं पातं आहे, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. शेवटी भाजलेला निकोलस "पाणी! पाणी!" म्हणून बोंबलतो, सुतार दचकून उठतो, आला महापूर असं समजून दोर तोडतो आणि काथवटीसकट खाली येऊन हात मोडून घेतो. शेजारी जमतात, छताकडे बघतात आणि हसतात. अ‍ॅलिसन आणि निकोलस त्यांना सांगतात की याला वेड लागलंय. गावही तसंच ठरवून मोकळं होतं.

या सुताराला चॉसर वारंवार 'सेली' म्हणतो. भाग्यवान? घरात राबणारा, बायकोवर जीव टाकणारा, देवाला भिणारा निष्पाप जीव? बिचारा? की ठार बावळट? माझ्या मते चॉसरला चारही हवे होते, आणि म्हणूनच तो एकाही ठिकाणी खुलासा करत नाही. हात मोडला सुताराचा, पण घसरला शब्द. एकदा लोक त्या सुताराला हसले, त्यानंतर त्या विशेषणाला पुन्हा वर चढणं जमलं नाही.

तरी काही भाविकांनी त्याचा हात सोडला नव्हता. रॉबर्ट साउथवेल हा इंग्रज जेझुइट पाद्री होता. पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरू असणं हाच राजद्रोह, त्यामुळे १५९५ साली त्याला लंडनच्या टायबर्नला फाशी दिलं. त्यानं बेथलेहेमच्या गोठ्यात थंडीनं कुडकुडणाऱ्या बाळ येशूवर कविता लिहिली आणि त्या बाळाला विशेषण लावलं सिली. त्याच्या मनात निष्पाप, निराधार, कुणीही कुरवाळावं असं तान्हं बाळ होतं. आज नाताळात शाळेच्या कार्यक्रमात कुणी ती कविता म्हटली तर प्राचार्यांना पालकांची पत्रं येतील.

त्याच जेझुइट संघाचा दुसरा इंग्रज पाद्री, थॉमस स्टीफन्स, १५७९ सालीच जहाजात बसून गोव्याला आला होता. त्यालाही येशूचं बालपण गायचं होतं. पण ते त्यानं मराठीत गायलं, ओव्या रचून, आणि १६१६ साली गोव्याच्या साष्टी भागात रायतूरला 'क्रिस्तपुराण' छापून झालं. इकडे फाशीची भीती नव्हती आणि सिली शब्दाचीही गरज नव्हती. त्या शतकात इंग्लंडमधला फादर होण्यापेक्षा साष्टीतला फादर होणं केव्हाही शहाणपणाचं. उकाडा तेवढा सोसायचा.

शेक्सपिअरच्या वेळेपर्यंत दोन्ही अर्थ एकाच घरात कसेबसे नांदत होते. त्याच्या एका नाटकात रानातले लुटारू नायकाला आपला म्होरक्या करतात. नायक अट घालतो की 'सिली' बायकांना आणि गरीब वाटसरूंना हात लावायचा नाही. त्याला म्हणायचंय असहाय बायकांना. आज ते ऐकून प्रेक्षागृहातल्या एखाद्या बाईच्या भुवया वर गेल्या तर तिचं काही चुकलं असं वाटत नाही. मेंढरं मात्र कवितेत पुढेही बरीच वर्षं सिली राहिली, कारण त्यांच्याकडून तक्रार येत नाही. आणि १७९८ साली कोलरिजनं एका म्हाताऱ्या खलाशावरच्या कवितेत जहाजावरच्या रिकाम्या बादल्यांनाच सिली म्हणून टाकलं. एके काळी संतांच्या नावापुढे लागणारा शब्द बादलीला लागला. सरकारी नोकरीतसुद्धा इतकी पदावनती होत नाही.

आपण मराठी माणसांनी यावर फार हसू नये. संस्कृतातून आपण 'महाभाग' असा एक भारदस्त शब्द घेतला. महाभाग म्हणजे मोठं भाग्य ज्याला लाभलं तो. सॅलिगचा सख्खा भाऊच. आज तो कुठे भेटतो? "कुणा महाभागानं गेटसमोर गाडी लावलीय?" 'शिष्ट' म्हणजे सुसंस्कृत, पण "ती जरा शिष्टच आहे" हे कुणी सुनेच्या कौतुकात म्हणत नाही. आणि 'धन्य'! देवळात धन्य म्हणावं, घरी येऊन बायकोच्या तोंडून "धन्य आहात!" ऐकावं. इंग्रजांना जे अंतर कापायला कैक शतकं लागली ते मराठी गृहिणी उंबरठा ते स्वयंपाकघर एवढ्या वाटेत कापते.

या सगळ्यात मला राग येतो तो 'नाइस'चा. हा गृहस्थ सिलीच्या बरोबर उलट्या दिशेनं गेला. लॅटिनमध्ये याचा पूर्वज 'नेस्कियस', म्हणजे ज्याला काही कळत नाही असा. फ्रेंचांकडून तो १३००च्या सुमाराला इंग्लंडात आला तेव्हा त्याचा अर्थ स्वच्छ 'मूर्ख' होता. मग तो छचोर झाला, मग नखरेल, मग चोखंदळ, मग बारीकसारीक काटेकोर, आणि अठराव्या शतकात एकदम छान, गोड, सभ्य होऊन पाहुण्यांत बसला. वाटेत कुठेतरी जिन्यात त्याची आणि सिलीची गाठ पडलीच असणार. एक मूर्खपणातून वर निघालेला, दुसरा पुण्याईतून खाली. ओळख दिली असेल असं वाटत नाही. वर चढणारे सहसा देत नाहीत.

बरं, वर जाऊन यानं दिवे काय लावले? जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी'त, जी तिच्या मृत्यूनंतर १८१७ साली बाहेर आली, हेन्री टिल्नी हा तरुण नायिकेची यावरूनच फिरकी घेतो. तिनं एका कादंबरीला नाइस म्हटलेलं असतं. तो म्हणतो हवा नाइस, फेरफटका नाइस, तुम्ही दोघी तरुणीही नाइस, सगळ्यालाच चालतो की हा शब्द! आज तो फॅमिली ग्रुपवर असता तर त्याला घेरीच आली असती. नव्या बाळाचा फोटो, नाइस. नवीन मिक्सर, नाइस. काकांच्या वर्षश्राद्धाच्या ताटाचा फोटो, त्याखालीही एका भाच्यानं नाइस लिहून अंगठा ठेवलेला असतो. सिली निदान मूर्ख तरी म्हणतो. नाइस काहीच म्हणत नाही आणि तरी पगार घेतो.

सिलीनं मात्र पडत्या काळात आपली सोय बघितली. लंडनच्या 'सॅटर्डे रिव्ह्यू'त १८६१ साली 'सिली सीझन' असा शब्दप्रयोग आला. उन्हाळ्यात पार्लमेंट बंद, बडी मंडळी गावाला, बातमी नाही, आणि वर्तमानपत्र तर रोज तेवढ्याच पानांचं काढायचं. मग समुद्रात राक्षसी सर्प दिसायचे, कुणाच्या परसात अचाट आकाराची फळं धरायची. जर्मन लोक याच हंगामाला आंबट काकड्यांचा मोसम म्हणतात. त्यांचंही वर्तमानपत्र रोजच निघतं. आता 'सॅल' म्हणजे मुळात वेळ किंवा हंगामही होता हे आठवलं, तर सिली सीझन म्हणजे आपल्या 'गाईच्या गोमूत्रा'सारखंच झालं, पण त्या बिचाऱ्या संपादकाला ते कोण सांगणार. आपल्याकडे हा हंगाम उन्हाळ्यापुरता ठेवलेला नाही, चोवीस तास चॅनेलं असल्यामुळे.

मग १९७० साली मॉन्टी पायथन या विनोदी मंडळींनी बीबीसीवर त्याला थेट मंत्रालय मिळवून दिलं. 'सिली वॉक्स' खात्याचे मंत्री म्हणून काटकुळे, उंचेपुरे जॉन क्लीझ काळ्या सुटात, हातात ब्रीफकेस, पाय कमरेच्याही वर फेकत कचेरीत येतात. एक अर्जदार स्वतःची चाल विकसित करायला अनुदान मागायला आलेला असतो. मंत्री चाल बघतात, फारशी सिली नाही असा शेरा मारतात, आणि मग खरं दुखणं सांगतात: खात्याला निधीच पुरत नाही. बाकी सगळं विनोदी आहे, पण हे ऐकताना कुठल्याही जिल्हा परिषदेत जाऊन आलेला माणूस गंभीर होतो.

सख्खे चुलत भाऊ मात्र अजून मूळ गावी मानानं राहतात. जर्मनीत 'झेलिश' आजही धन्य, आणि कुणाचा दिवंगत नवरा असेल तर त्यालाही तेच विशेषण, आपल्या कैलासवासी किंवा कै.च्या जागी. स्वीडनमध्ये 'सालिग'चंही तसंच. डच माणसाला जेवण फारच आवडलं तर तो 'झालिख' म्हणतो, म्हणजे ब्रह्मानंदी टाळी. आइसलँडमध्ये तर रस्त्यात पुरुष भेटला की 'साइत्ल', बाई भेटली की 'साइल' म्हणतात. भाग्यवान असा, सुखी असा, असा त्याचा मूळ अर्थ, आणि आता तो रामराम आहे. इंग्लंडातच सफक परगण्याला लोक 'सिली सफक' म्हणून चिडवतात, तर तिथली माणसं ठासून सांगतात की आमच्याकडे जुनी चर्चं फार, तेव्हा हे सिली जुनं, पवित्र या अर्थाचं. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच सांगितलं असतं.

आणि मग क्रिकेट. फलंदाजाच्या नाकाखाली उभं राहणाऱ्याला इंग्रजांनी सिली पॉइंट, सिली मिड-ऑन, सिली मिड-ऑफ अशी नावं दिली. बॅटपासून दोन-तीन पावलांवर, चेंडू डोळ्यांत येईल असा उभा राहणारा मनुष्य शहाणा कसा असेल, असा साधा हिशेब. पण तेवढ्याच अंतरावर, लेगच्या बाजूला उभा राहणारा फॉरवर्ड शॉर्ट लेग मात्र सिली नाही. हा अन्याय कुणी केला कळत नाही, कारण जिवाची खरी जोखीम तिथेच. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर तिथेच उभा राहायचा, हेल्मेटबिल्मेट काही नाही. १९७१ला ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर त्यानं अ‍ॅलन नॉटचा झेल पुढे सूर मारून घेतला, जमिनीवर आडवं पडून, आणि भारतानं इंग्लंडात पहिली मालिका जिंकली. २७ कसोटींत ५३ झेल. समोरचा फलंदाज आधी त्याच्याकडे बघायचा, काय वेडा आहे का हा, इतक्या जवळ? मग पॅव्हेलियनच्या पायऱ्या चढताना स्वतःशी पुटपुटायचा. काय पुटपुटायचा ते आईनं मावशीला फोनवर सांगण्यासारखं नसावं.